आईचे पाय वाळत चालले, आणि पिशवीतून निघाल्या अकरा गोळ्या

पऱ्हाटीवाला | २ डिसेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. धागा कुठे टाकावा कळलं नाही, म्हणून आरोग्यात टाकतो.

आई ७२ वर्षांची. आमचं गाव पैनगंगेच्या अंगाला, तालुका १८ किलोमीटर. पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. दहा वर्षांपूर्वी हीच बाई दिवसाला चाळीस किलो कापूस वेचून घरी यायची आणि वरून दहा जणांच्या भाकरी थापायची. आता बाजेवरून उठायचं तर दोन्ही हात टेकते, अर्धी उठते, परत बसते, मग उठते. पोळ्याच्या दिवशी बोरिंगचा दांडा तिच्याकडून खाली गेला नाही, तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. दिवाळीत पाहिलं तर पाटल्या मनगटावरून कोपराकडे सरकायला लागलेल्या.

चेहरा मात्र भरलेला आहे, गाल वर आलेत. पाहुणे येतात आणि म्हणतात, मावशीची तब्येत झकास. मागच्या आठवड्यात न्हाणीत पडली. हाड मोडलं नाही, नशीब. कपडे बदलून देताना बायकोने पाहिलं, मला बाहेर येऊन म्हणाली, "अहो, तुमच्या दंडाएवढी मांडी राहिली आहे त्यांची."

वजन दीड वर्षात ४९ वरून ४५ किलो. शुगर, बीपी, गुडघे, तिन्ही आहेत. जेवण म्हणजे सकाळी चहा-टोस, दुपारी अर्धी भाकर नि वरणाचं पाणी, रात्री वाटीभर खिचडी. ज्याला विचारावं तो म्हणतो, वय झालं. खरंच नुसतं वयच आहे का? (माळकरी आहे. अंडं-मटण सांगू नका.)

—

बह्याड_पोट्टं | रात्री ९:३१

वयच झालं ना भाऊ, अजून काय. एक ताकतीची सलाईन लावून दे. माह्या आबाजीले दर दोन महिन्याले लावतो, चार दिवस घोड्यावानी फिरते गावभर.

—

उपकेंद्र_ताई | रात्री १०:०५

दादा, मी वर्धा जिल्ह्यात एका उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. 'वय झालं' हे अर्धंच उत्तर आहे. वयाबरोबर स्नायू कमी होतात हे खरं, पण बोरिंगचा दांडा दाबता येत नाही, बाजेवरून उठता येत नाही, पडायला होतं, इथपर्यंत गाडी आली की त्याला नाव आहे: सार्कोपेनिया. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या रोझेनबर्ग यांनी ग्रीक शब्दांवरून ते ठेवलं, अर्थ 'मांस कमी पडणं'. आता हा आजार म्हणून नोंदवलाही जातो.

घरच्या घरी दोन गोष्टी करा. शिंप्याची टेप घ्या. आईला खुर्चीवर बसवा, पाय जमिनीला टेकलेले. पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा, टेप आवळायची नाही. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये ठरलेले आकडे असे: बाईची पोटरी ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी, पुरुषाची ३४ पेक्षा कमी, तर शंका घ्यायची. मग हाताची घडी छातीवर ठेवून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी आहे. कोणीतरी बाजूला उभं राहा, नाहीतर चाचणी करता करता पडतील.

आणखी एक. वजन कमी होतंय तर टीबी, थायरॉइड, कॅन्सर हेही डॉक्टरांनी बघायला हवं. खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर थुंकी तपासा, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते.

—

गणिताचे_मास्तर | रात्री १०:२२

बह्याड पोट्ट्या, तुझ्या सलाईनचा हिशोब मांडतो. ग्लुकोजची ५ टक्क्यांची अर्धा लिटरची बाटली. पाचाचे शंभरात, म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर. साधारण शंभर कॅलरी. एका ज्वारीच्या भाकरीत याच्या दीडपट-दुप्पट असतात, आणि वर पाच ग्रॅम प्रथिनं. तू आबाजीला अर्धी भाकर नसेतून देतोस आणि तिचे पैसे मोजतोस. प्रथिनं शून्य.

—

बह्याड_पोट्टं | रात्री १०:२५

मास्तर, पण ते फिरते ना चार दिवस!

—

गणिताचे_मास्तर | रात्री १०:२७

पाणी कमी पीत असेल म्हातारा, म्हणून बरं वाटतं. तांब्याभर मठ्ठा दे रोज, तेवढाच फिरेल.

—

पऱ्हाटीवाला | ३ डिसेंबर, सकाळी ७:४०

ताई, मोजलं. पोटरी २९ सेंटीमीटर. टेप चुकली असेल म्हणून दुसऱ्या पायाची मोजली, तीही तेवढीच. खुर्चीचं तर सांगायलाच नको. हाताची घडी घालून एकदाही उठता आलं नाही. तिलाच आश्चर्य वाटलं. "अवो, पाय आपले ऐकतच नाहीत," म्हणाली.

—

मेडिकलवाले_काका | सकाळी ९:१५

अकोल्यात ३४ वर्षं औषधांचं दुकान चालवलं, आता मुलगा बसतो. एकच विचारतो: घरात आईच्या गोळ्या किती? सगळ्या. फडताळातल्या, उशाखालच्या, देव्हाऱ्यामागच्या, लुगड्याच्या गाठीतल्यासुद्धा. एका पिशवीत जमा करा आणि इथे लिहा. चेहरा भरलेला आणि मांड्या वाळलेल्या, हे वाचून माझ्या मनात एक शंका आली आहे.

—

पऱ्हाटीवाला | दुपारी १:५०

काका, निघाल्या बरं का. किराण्याची पिशवी भरली. लिहितो:

तालुक्याच्या डॉक्टरांची शुगरची गोळी, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र. आरोग्य केंद्रातून मिळालेली मेटफॉर्मिन वेगळी. आरोग्य केंद्राचीच बीपीची अम्लोडिपिन. तालुक्याची बीपीची, तिच्यावर टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन दोन्ही नावं आहेत. पाय सुजतात म्हणून लघवीची फ्युरोसेमाइड. हाडांच्या डॉक्टरांची दुखण्याची असेक्लोफेनॅक, सोबत उपाशीपोटी घ्यायची पँटोप्राझोल, आणि कॅल्शियम. चक्करेची सिनारिझिन. झोपेची अल्प्राझोलाम. आणि गावात बसतात त्या डॉक्टरांच्या कागदाच्या पुडीतल्या बारीक पांढऱ्या गोळ्या. त्यांना नाव-गाव काही नाही. आई त्यांना 'गुडघ्याची साखर' म्हणते. दोन वर्षांपासून चालू आहेत, म्हणे. आम्हाला घरात माहीतच नव्हतं!

एकूण अकरा.

—

मेडिकलवाले_काका | दुपारी ३:०५

मला वाटलं तेच दिसतंय. पहिली गोष्ट, आणि हे कृपा करून लक्षात ठेवा: त्या पुडीतल्या गोळ्या आज एकदम बंद करू नका. बिननावाची गोळी बघून कोणीच शंभर टक्के सांगू शकत नाही, पण दोन दिवसांत गुडघेदुखी थांबवणारी बारीक पांढरी गोळी, फुगलेला चेहरा, वाळलेल्या मांड्या, म्हटल्यावर स्टेरॉइडची दाट शंका आहे. ही गोळी नेमकी मांडी आणि खांद्याचे स्नायू खाते. माणूस चालतो, पण उठता येत नाही. शिवाय दोन वर्षं बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतं. एकदम तोडलं तर बीपी खाली जाऊन जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळूच कमी करावी लागते.

आता साखळी बघा. मी दुकानात हजारदा पाहिली आहे आणि, खरं सांगतो, मुकाट्याने गोळ्या दिल्याही आहेत. गुडघा दुखला, म्हणून असेक्लोफेनॅक आणि पुडी. दोन्हींनी बीपी वाढतं, पुडीने शुगरही वाढते. मग बीपीच्या गोळीत भर, शुगरच्या गोळीत भर. आरोग्य केंद्राला तालुक्याचं माहीत नाही, तालुक्याला आरोग्य केंद्राचं. त्यामुळे अम्लोडिपिन दोनदा, मेटफॉर्मिन दोनदा. अम्लोडिपिन जास्त झाली की घोट्याशी सूज येते. सूज आली म्हणून लघवीची गोळी. त्याने रात्री चार वेळा उठणं, अंगातलं पाणी कमी, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी. अंधारी आली म्हणून चक्करेची गोळी. झोप मोडली म्हणून झोपेची. आणि झोपेच्या गोळीच्या गुंगीत बाई रात्री न्हाणीकडे निघाली. दुखण्याच्या गोळीने पोटात जळजळ, म्हणून पँटोप्राझोल. अकरांतली कॅल्शियम तेवढी बिचारी निरपराध.

सिनारिझिन म्हाताऱ्या माणसाला महिनोन्महिने दिली तर हात थरथरणं, चाल मंदावणं, असं कंपवातासारखं दिसायला लागतं. अल्प्राझोलाम २०१४ पासून शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे, रजिस्टरला नोंद करूनच द्यायची असते. किती जण करतात ते मला विचारू नका. आणि तीही अचानक तोडायची नसते. असेक्लोफेनॅक, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी, ही तीन औषधं एकत्र आली की किडनीवर बसतात.

पिशवी जशीच्या तशी एका चांगल्या एमडी डॉक्टरांपुढे नेऊन ओता. गोळ्यांची नावं सांगत बसू नका, ओता.

—

डॉक्टर_बदलीवर | दुपारी ४:४०

काकांचं जवळजवळ सगळं बरोबर आहे. मी एका आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे, म्हणून दोन ओळी आमच्या बाजूने. सोमवारी ओपीडीत दीडशे लोक असतात. पुस्तकावर 'बीपी, शुगर, औषध रिपीट' लिहिलं की रांग पुढे सरकते. दुसरीकडून काय चालू आहे हे विचारायला हवं, विचारलं जात नाही. आणि विचारलं तरी आजी म्हणतात, "एक गुलाबी नि एक पांढरी."

वृद्धांना कोणती औषधं जपून द्यावीत याची एक प्रसिद्ध यादी आहे. अमेरिकेत मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये पहिली केली, २०२३ मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गोळीतली क्लोरफेनिरामिन, ग्लिमेपिराइडच्या जातीच्या शुगरच्या गोळ्या, आठ आठवड्यांच्या पलीकडे कारणाशिवाय चालू असलेली पँटोप्राझोल, हे सगळे त्यात सापडतील. 'द्यायचीच नाहीत' असा त्याचा अर्थ नाही. दर भेटीत 'अजून लागते का?' एवढं विचारावं.

मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे, पण भूक मारतं, तोंडाची चव जाते, आणि वर्षानुवर्षांत बी-१२ कमी करतं. माळकरी माणसात बी-१२ आधीच बेताचं. ते तपासून घ्या. प्रथिनं वाढवण्याआधी क्रिएटिनिनही (किडनीची रक्ततपासणी).

—

एकादशी_सोमवार | सायंकाळी ६:१०

पऱ्हाटीवाले दादा, आई उपास करतात का? माझ्या सासूबाईंनी निर्जळी एकादशीला ग्लिमेपिराइड घेतली. 'उपास जेवणाचा, औषधाचा नाही' असं कोणीतरी सांगितलं होतं. चार वाजता घामाने चिंब, कोणाला ओळखेनात. शेजारच्या मुलाने साखरेचं पाणी पाजलं म्हणून वाचल्या. आता एकादशीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करूनच गोळीचं ठरवतो. आणि साबुदाणा बंद केला, त्यात प्रथिनं नावालाही नसतात. भगर नि दाण्याची आमटी करतो.

—

पऱ्हाटीवाला | सायंकाळी ६:३२

महिन्याच्या दोन्ही एकादशा आणि श्रावणातले सोमवार. हे तर डोक्यातच आलं नव्हतं.

—

नागपूरकर_धरमपेठ | रात्री ८:००

एवढी चर्चा कशाला? प्रोटीन पावडरचा डबा आणा, दुधात दोन चमचे, संपला विषय. माझ्या वडिलांना देतोच आहे.

—

उपकेंद्र_ताई | रात्री ८:४५

डब्यामागचा तक्ता वाचा भाऊ. काही डब्यांत साखरच जास्त असते. चांगला डबा वाईट नाही, पण महिन्याला तो परवडणारं घर वेगळं आणि हे घर वेगळं.

हिशोब असा. आपल्याकडे सर्वसाधारण माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरतात. साठीच्या पुढे १ ते १.२ ग्रॅम हवीत असं जाणकार सांगतात, किडनी ठीक असेल तर. आईचं वजन ४५, म्हणजे ४५ ते ५४ ग्रॅम. त्यांचं आत्ताचं जेवण मी मोजलं: चहा-टोसात तीन-चार, अर्ध्या भाकरीत तीन, वरणाच्या पाण्यात दोन-तीन, खिचडीत पाच-सहा. पंधराच्या आसपास. तिसरा हिस्सा! शरीर मग स्वतःचं मांस मोडून खातं.

—

सोयाबीन_आणि_सोले | रात्री ९:२०

हे वाचून पोटात तुटलं राव. आपण वाशिम-यवतमाळवाले ट्रॉलीच्या ट्रॉली सोयाबीन मार्केट यार्डात ओततो, भावासाठी भांडतो, आणि घरात एक दाणा ठेवत नाही. तेच सोयाबीन वड्या होऊन किराण्यात येतं. वाळलेल्या वड्यांत निम्मं वजन प्रथिनांचं. २५ ग्रॅम वड्या म्हणजे बारा ग्रॅम प्रथिनं, दोन अंड्यांइतकी. आईला दात नाहीत का? मग वड्या कोरड्याच मिक्सरमधून काढा, रव्यासारख्या. चून (पिठलं) करताना बेसनात मिसळा नि चांगलं शिजू द्या. कोणाला कळतही नाही. (कच्चं सोयाबीन मात्र दळून खायचं नाही, पचत नाही, नीट शिजलंच पाहिजे.)

आणि आता डिसेंबर आहे, बांधावर तूर भरली आहे. सोले (तुरीचे ओले दाणे) घोटून आमटी करा की! महिनाभर मिळतील, पुढच्या वर्षापर्यंत आठवण.

—

धानपट्टा_पवनी | रात्री ९:५८

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या भंडाऱ्याकडे धान कापायच्या आधी बांधीत लाखोळी टाकतात, उतेऱ्याची. डाळ स्वस्त, प्रथिनं भरपूर. पण तिने पाय जातात म्हणतात. म्हाताऱ्यांना द्यावी का?

—

डॉक्टर_बदलीवर | रात्री १०:१५

लाखोळीने पाय जाण्याचा प्रकार वेगळा. त्यात स्नायू वाळत नाहीत, पाय ताठरतात, कात्रीसारखे एकमेकांवर येतात. तिच्यातल्या एका विषारी घटकाचा तो परिणाम. दुष्काळात दुसरं काही नसताना महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली, अशा लोकांत तो दिसला. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं की विष बरंच कमी होतं. अधूनमधून वडे केले तर घाबरू नका, पण म्हाताऱ्याच्या प्रथिनांची रोजची भिस्त तिच्यावर नको. तूर, हरभरा, मूग, बरबटी आहेत ना.

—

सूनबाई_४४ | रात्री १०:५०

सगळ्यांनी छान लिहिलं. आता मी लिहिते, मग वाईट वाटून घेऊ नका.

सोले कोण सोलणार? वड्या कोण दळणार? मऊ मऊ शिजवून कोण देणार? सध्या वेचणी चालू आहे. मी सकाळी सातला शेतात जाते, सहाला येते. माझ्या सासूचंही असंच आहे, ७६ वर्षांच्या. या धाग्यावर 'आईला हे द्या, ते द्या' म्हणणारे सगळे दादा, भाऊ, काका. देणारी कोण, तिचं नाव कुठेच नाही.

आणि अजून एक. आमच्या घरी बायका शेवटी जेवतात. घट्ट वरण वरचं वर पुरुषांच्या ताटात जातं, तळाला उरतं त्यात पाणी घालून आम्ही. सासूबाई चाळीस वर्षं तसंच जेवल्या. 'वरणाचं पाणी' हे त्यांना आवडतं म्हणून नाही, सवय आहे ती. आता मी भांडून एक गोष्ट सुरू केली: शिजल्याबरोबर पहिली वाटी त्यांची काढून झाकून ठेवायची, बाकी सगळं नंतर. त्याला काही दळावं लागत नाही. आणि फुटाणे नि दाणे भाजून कुटून एक डबा उशाशी ठेवते. दूध असलं तर दुधात, नाही तर मठ्ठ्यात कालवून त्या स्वतः घेतात.

—

पऱ्हाटीवाला | रात्री ११:१०

सूनबाई, बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण फोन माझ्या हातून घेऊन परत एकदा स्वतः वाचला.

—

मेडिकलवाले_काका | रात्री ११:२०

मीही वाचलं. ३४ वर्षं गिऱ्हाइकांना 'पौष्टिक द्या' सांगत आलो.

—

पाटलांचा_दुसरा | ४ डिसेंबर, सकाळी ६:३०

व्यायामाचं कोणी बोललं नाही. पण म्हातारी बाई घरात दिवसभर काही ना काही करतेच, मग तिला वेगळा व्यायाम काय सांगावा?

—

उपकेंद्र_ताई | सकाळी ८:१०

भाजी निवडणं, वाती वळणं यात मांडीला काम नाही. स्नायूला ओझं लागतं, नाहीतर खाल्लेलं वरण तिथे जाऊन बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्यात निदान दोन दिवस स्नायूंचा आणि तीन दिवस तोल सांभाळायचा सराव सांगितला आहे. आमच्या गावात मी एवढंच सांगते: भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची (प्लास्टिकची हलकी नको, मागे सरकते), हात टेकून उठा, सावकाश बसा. बसताना धपकन नाही. सावकाश बसण्यातच खरा व्यायाम आहे. पाच वेळा सकाळी, पाच वेळा संध्याकाळी. जमलं की हात एक काढा. मग ओट्याला धरून टाचा उचला. चक्कर येत असेल तर आधी गोळ्यांचं बघा, मग व्यायाम.

—

पऱ्हाटीवाला | २४ डिसेंबर, रात्री ९:३०

उशीर झाला, माफी असावी. कापूस घरात होता.

आईला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो. एसटीला ६५ च्या वर अर्धं तिकीट, बाईमाणसालाही अर्धं. आईने कंडक्टरला विचारलं, दोन्ही लावून फुकट नाही का होत? तो म्हणाला, "मावशी, अजून तीन वर्षांनी या, पंच्याहत्तरीला पूर्ण फुकट आहे."

काकांनी सांगितल्याप्रमाणे पिशवी टेबलावर ओतली. डॉक्टर तरुण बाई होत्या. पाच मिनिटं नुसत्या पट्ट्या लावत बसल्या, पत्त्यांसारख्या. मग म्हणाल्या, "हे तीन जणांचं औषध आहे." क्रिएटिनिन १.४ निघालं, बी-१२ अगदी तळाला. तीन महिन्यांची शुगर ६.३. आम्हाला वाटलं वा, पहिला नंबर! त्या म्हणाल्या, या वयात, अशा तब्येतीत आठाच्या आत असली तरी चालतं, इतकी खाली आणायची गरज नव्हती, रात्री कधी खाली जात असेल तर कळणारही नाही.

दुबार गोळ्या बंद. ग्लिमेपिराइड, असेक्लोफेनॅक, लघवीची, चक्करेची बंद. दुखण्याला पॅरासिटामॉल, मोजून. झोपेची अर्धी, मग पाव, मग बंद, असं सहा आठवड्यांत. पुडीच्या ऐवजी नाव असलेली स्टेरॉइडची गोळी लिहून दिली, हळूहळू उतरवायची, तारखेसकट तक्ता. बी-१२ ची इंजेक्शनं. क्रिएटिनिन बघून प्रथिनं ४५ ग्रॅमच्या आसपासच ठेवा, दर महिन्याला परत तपासू, म्हणाल्या.

पुडी देणाऱ्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांच्याकडे गेलो होतो. चिडून गेलो, पण रात्री दोन वाजता विंचू चावला तेव्हा मोटरसायकल काढून हाच माणूस आला होता, हेही डोक्यात होतं. ते म्हणाले, "लोकांना दोन दिवसांत फरक पाहिजे. मी नाही दिली तर पुढच्या गावात मिळते." यावर मला उत्तर सुचलं नाही.

—

बह्याड_पोट्टं | रात्री ९:५५

भाऊ, म्या आबाजीची पिशवी काढली. सात हायेत. आन एक पट्टी २०२१ लेच संपलेली. पिंढरी (पोटरी) ३१. सलाईन बंद केली बाप्पा, मास्तरले सांगा.

—

गणिताचे_मास्तर | रात्री १०:०१

दहापैकी सहा गुण. पिशवी डॉक्टरला दाखवली की बाकीचे देईन.

—

पऱ्हाटीवाला | १४ मार्च, रात्री ८:४५

मधे दोघा-तिघांनी विचारलं, म्हणून लिहितो.

सगळं गोड झालं असं नाही. पुडी उतरवताना जानेवारी फार वाईट गेला. गुडघे धरले, अंग दुखायचं, आई रडायची, 'माही साखर दे' म्हणायची. एकदा शेजारच्या पोराला पाठवून तिने पुडी मागवलीसुद्धा. बायकोने पकडली. दोघींचं दोन दिवस बोलणं नव्हतं. झोप अजून तुटकच आहे. एका एकादशीवर तिने माझं ऐकलं, दुसरीवर नाही.

पण पायाची सूज गेली, चक्कर गेली, गालही उतरले. पाहुणे आता म्हणतात, 'मावशी वाळल्या'. काय बोलावं! वजन ४६. पोटरी साडेएकोणतीस, अर्धा सेंटीमीटर. तो अर्धा टेपचाही असू शकतो. खुर्चीवरून हात टेकून दहा वेळा, हात न टेकता तीन वेळा. तिसऱ्यांदा उठते तेव्हा दरवाज्याकडे बघते, कोणी पाहिलं का म्हणून.

पहिली वाटी तिची, हे चालू आहे. बायकोची दुसरी. घट्ट वरण आता मला मिळत नाही.

बाजेवरून उठायला मात्र अजून त्रास होता, बाज फार खोल. मग मी चारही पायांखाली विटा लावल्या. आता उठते.

—

उपकेंद्र_ताई | रात्री ९:०५

विटांचं मस्त केलंत! किती लावल्या? बसल्यावर तळपाय पूर्ण टेकतात ना जमिनीला? अधांतरी राहिले तर परत पडतील.

—

पऱ्हाटीवाला | रात्री ९:२०

टेकतात, बघितलं. दोन-दोन लावल्या. न्हाणीच्या बाजूला जमीन उतरती आहे, तिथे अडीच.